बाईंचे गुडघे आणि आठवी आज्ञा



गेल्या महिन्यात मिस्सानंतर फादरांनी आमच्या हाती एक रंगीत पुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही पत्रकवाले वाचता-लिहिता, जरा हे बघा आणि बाईंना काय सांगायचे ते मला सांगा." पुस्तिका परदेशातल्या एका उपचारकेंद्राची होती. मुखपृष्ठावर निळा समुद्र, आत पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर, आणि खुर्ची मागे टाकून उभे राहिलेले एक आजोबा. गुडघा, खुबा, मणका, खांदा, सगळ्यांवर एकच इलाज : स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी.

बाईंचे नाव आम्ही लिहीत नाही. धर्मग्रामातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले आहेत, त्यामुळे ज्यांना कळायचे त्यांना कळेलच. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. त्या पूर्वी तिसऱ्या बाकावर बसायच्या. मग शेवटच्या बाकावर बसू लागल्या, कारण तिथून लवकर निघता येते. गुडघे टेकायच्या वेळी त्या नुसती मान खाली घालत. आता दोन वर्षे कम्युनियन घरी नेले जाते. डॉक्टरांच्या भाषेत दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे. आपण म्हणतो गादी गेली, वंगण संपले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की जखमेसारखी भरून येत नाही. शस्त्रक्रियेला बाई तयार नाहीत, कारण ओळखीतल्या एका बाईंचा गुडघा बदलल्यावर चिघळला होता आणि ते त्यांनी जवळून पाहिले आहे.

मुलगा आखातात आहे. निम्मे पैसे तो देणार, उरलेल्यासाठी चार गुंठे वाडी विकायची असे घरात ठरत आले होते. बाईंनी फादरांना एकच प्रश्न विचारला होता : "यात पाप तर नाही ना?"

आम्हाला उत्तर सोपे वाटले. मूलपेशी म्हटले की आपल्याला आठवतो तो भ्रूणांचा वाद. १९९८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या, आणि त्यासाठी तो भ्रूण नष्ट करावा लागला. एकाचा गुडघा बरा करण्यासाठी दुसऱ्याचे जीवन संपवता येत नाही, मग ते कितीही लहान असो, ही ख्रिस्तसभेची भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे. पण मूलपेशी तेवढ्याच नाहीत. आपल्या हाडातल्या मज्जेत त्या असतात, पोटाच्या चरबीत असतात, बाळाच्या नाळेतही असतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात, २००८ मध्ये, व्हॅटिकनने 'डिग्निटास पर्सोने' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात प्रौढ माणसाच्या शरीरातून त्याला गंभीर इजा न करता घेतलेल्या पेशी, आणि जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तातून घेतलेल्या पेशी वापरायला हरकत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. पुस्तिकेत लिहिले होते, पेशी नाळेतल्या. आम्ही फादरांना कळवले की काही अडचण दिसत नाही. नाळ देणाऱ्या आईला सांगून घेतली आहे का आणि इतर कोणत्या पेशी मिसळत नाहीत ना, एवढे लेखी विचारून घ्यावे.

निरोप घेऊन आमच्यापैकी दोघे बाईंच्या घरी गेलो. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे पाचव्या आज्ञेत पास. पुढच्या आज्ञांचे काय?" चाळीस वर्षे शिकवण्याची सवय अशी सुटत नाही! आम्ही हसलो खरे, पण परत येताना दोघांच्याही मनात तेच होते. खून करू नको ही आज्ञा पाळली म्हणून सातवी आणि आठवी आपोआप पाळली जात नाही. चोरी करू नको. खोटी साक्ष देऊ नको. एक आज्ञा तपासून आम्ही पुस्तिकेला प्रमाणपत्र देऊन मोकळे झालो होतो.

मग आम्ही पुन्हा बसलो, या वेळी धर्मग्रामातल्या एका डॉक्टरांना घेऊन. त्यांनी आधी एक गोष्ट समजावली. मूलपेशींचा एक उपचार खरोखर सिद्ध झालेला आहे. रक्ताच्या कर्करोगात मज्जेचे रोपण करतात, ते मूलपेशींचेच रोपण. त्या कामासाठी डॉ. ई. डोनॉल थॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले. त्या रोपणाने असंख्य माणसे वाचली आहेत. पण रक्तात जे सिद्ध झाले ते गुडघ्यात सिद्ध झाले असे होत नाही. त्या रोपणाच्या पुण्याईवर बाकीचे उपचार खपवले जातात.

गुडघ्याचे काय? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या संधिवाताचे चारशेहून अधिक रुग्ण. काहींना स्वतःच्या मज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना स्वतःच्या चरबीतल्या, काहींना दात्याच्या नाळेतल्या, आणि काहींना नेहमीचे, स्वस्त, स्टेरॉइडचे इंजेक्शन. वर्षानंतर पाहिले तर दुखणे चारही गटांत कमी झालेले होते, आणि पेशींचा एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नव्हता. २०२५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचे म्हणणे, थोडासा फायदा होत असावा, पण खात्री कमी. सगळेच थोतांड आहे असे आम्हालाही म्हणायचे नाही. दात्याच्या मज्जेपासून केलेल्या अशा एका इंजेक्शनला २०२२ मध्ये आपल्या देशातही गुडघ्यासाठी औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आहे. शोध चालू आहे. पण 'असावा' आणि 'आहे' यांत चार गुंठ्यांचे अंतर आहे.

त्या चाचणीतली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. चारही गटांत दुखणे कमी झाले. म्हणजे त्यातला कोणताही रुग्ण उभा राहून म्हणू शकला असता की मी इंजेक्शन घेतले आणि मला बरे वाटले, आणि तो खोटे बोलत नसता. संधिवाताचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस बहुधा ते फार चढलेले असताना उपचाराला जातो, त्यामुळे पुढे ते थोडे उतरतेच. चाचण्यांमध्ये नुसते मिठाचे पाणी टोचले तरी पुष्कळांना बरे वाटते. वर ज्याने जमीन विकली आहे, विमानाने इतक्या लांब गेला आहे, त्याला घरी येऊन 'काही फरक नाही' म्हणणे किती जड जात असेल! साक्ष देणारा खरे बोलत असतो आणि तरी ऐकणाऱ्याची फसवणूक होते. ती करतो साक्षी गोळा करून मांडणारा. ज्यांना गुण आला नाही त्यांना तो बोलावत नाही.

आता कोणी म्हणेल, आपण श्रद्धावंत माणसे, आपणही साक्षींवरच जगतो. म्हणून लूर्दचे उदाहरण पाहू. फ्रान्समधल्या त्या गुहेशी मरियामातेच्या पायाशी दरवर्षी लाखो माणसे जातात, त्यांत न चालता येणारे किती तरी. बरे झाल्याचे हजारो लोकांनी आजवर सांगितले. त्या सर्वांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हटले का? नाही. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचे कार्यालय आहे. आजार खरोखर गंभीर होता का, बरे होणे अचानक आणि पूर्ण होते का, ते टिकले का, कोणत्या औषधाने त्याचा उलगडा होतो का, हे सगळे तपासले जाते. इतक्या वर्षांत मान्य झालेले चमत्कार सत्तरपेक्षा थोडेच अधिक आहेत. सत्तरावा एका फ्रेंच धर्मभगिनीचा, सिस्टर बर्नाडेट मोरियो यांचा. मणक्याच्या खालच्या मज्जातंतूंच्या आजारामुळे त्यांना पट्टे आणि आधार बांधून चालावे लागे, वेदनांसाठी मॉर्फिन घ्यावे लागे. जुलै २००८ मध्ये लूर्दहून परतल्यावर त्यांनी ती साधने काढून ठेवली आणि त्या चालू लागल्या. त्यांच्या धर्मप्रांताच्या बिशपांनी चमत्कार जाहीर केला ११ फेब्रुवारी २०१८ रोजी. मधली जवळजवळ दहा वर्षे तपासणीत गेली. एका धर्मभगिनीचा शब्द, आणि तोही मरियामातेच्या नावाने! तरी आपल्या ख्रिस्तसभेने घाई केली नाही. पुस्तिकेतल्या आजोबांवर मात्र आपण एका चित्रावरून विश्वास ठेवतो.

सातव्या आज्ञेबद्दल थोडक्यात. उपचार अजून तपासायचा असेल तर त्याची रीतसर चाचणी व्हावी, आणि आपल्या देशातल्या नियमांनुसार चाचणीतल्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. सिद्ध झालेला असेल तर पुरावा दाखवावा आणि पैसे घ्यावेत. न तपासता पूर्ण पैसे घेणे याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. आणि जोखीम केवळ पैशाची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेल्या इंजेक्शनांतून जंतू गेले आणि बारा जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे मेक्सिकोत असा उपचार घेऊन परतलेल्या तिघा अमेरिकन रुग्णांना चिवट जंतुसंसर्ग झाल्याचे तिथल्या आरोग्य खात्याने २०२४ मध्ये नोंदवले. त्यांतला एक गुडघ्यांसाठीच गेला होता. परक्या देशात इंजेक्शन, आणि पू झाला तो घरी आल्यावर. मग दाद कोणाकडे मागायची?

हे सगळे बाईंना सांगायला आम्ही पुन्हा गेलो. गुडघा बदलण्याविषयीही बोललो. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली आहे, आणि दर दहातले आठ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात असे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आकडे बरोबर आहेत तुमचे. पण दहातल्या उरलेल्या दोन मी ओळखते. तुम्ही चालत माझ्या घरी आलात, चालत जाल. आशा महाग आहे की स्वस्त हे तुम्ही का ठरवायचे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. अडतीस वर्षे आजारी असलेल्या, बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून राहिलेल्या माणसाला आजूबाजूच्या लोकांनी काय काय सांगितले असेल कोण जाणे. त्याची तक्रार मात्र शुभवर्तमानात नोंदलेली आहे : पाणी हलते तेव्हा त्याला उचलून नेणारे कोणी नव्हते. परतताना आम्हाला चर्चच्या उजव्या दाराच्या तीन पायऱ्या आठवल्या. तिथे उतार करण्याचा विषय पॅरिश कौन्सिलपुढे पूर्वीच आलेला आहे आणि घंटेच्या दुरुस्तीनंतर घेऊ असे ठरले होते. घंटा दुरुस्त होऊन बरेच दिवस झाले. बाई लांबच्या देशाची स्वप्ने पाहतात याचे आम्हाला आश्चर्य वाटले होते.

शेवटी मुलाने केंद्राला पत्र लिहिले. प्रश्न आम्ही सर्वांनी मिळून काढले. पेशी कोणाच्या? उपचारानंतर एका वर्षाने किती जणांना गुण आला आणि किती जणांना नाही? संसर्ग झाला तर जबाबदारी कोणाची? आणि गुण आला नाही त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी आले, सविस्तर, दात्या मातांच्या संमतीपत्राच्या नमुन्यासह. बाकीच्या तीन प्रश्नांना उत्तर म्हणून तीन नवे व्हिडिओ आले आणि महिनाअखेरपर्यंत नाव नोंदवल्यास सवलत मिळेल असा निरोप. मुलाने वाडीचा व्यवहार तूर्त थांबवला आहे. शहरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाई जातील की नाही ते अजून नक्की नाही.

व्हिडिओ त्यांनी आम्हाला दाखवले. तिसऱ्यात एक वयस्कर बाई जिना उतरते, कठड्याला हात न लावता. बाईंनी तो भाग मागे घेऊन पुन्हा लावला. "बघा," त्या म्हणाल्या, "डावा पाय आधी टाकते. माझाही डावाच जास्त दुखतो."