निर्जन वाटेवरचा शेजारी

येत्या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी स्पेनमधील सान्तियागोच्या यात्रेला पुन्हा एकदा निघण्याच्या विचारात आहोत. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या अंगणात मी ही बातमी सांगितली, तेव्हा मागील यात्रेतील आमच्या सोबत्यांना आनंद झाला. परंतु या खेपेस आम्ही नेहमीच्या वाटेने न जाता एका कमी वर्दळीच्या वाटेने, आणि तेही दोघेच, जाणार आहोत असे म्हणताच एक वयोवृद्ध सोबती हसत म्हणाले, "काय मास्तर, आमचा एवढा कंटाळा आला?" मीही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. यात्रेला निघालेल्या माणसाने सहयात्रेकरूंना टाळावे काय? शांततेचा शोध ही साधना म्हणावी, की माणसांपासून काढलेली पळवाट? जो प्रश्न थट्टेत विचारला गेला, त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सान्तियागो दे कॉम्पोस्तेला हे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांताचे नगर. प्रभू येशूच्या बारा प्रेषितांपैकी संत याकोब, जब्दीचा पुत्र आणि संत योहानाचा भाऊ, याची कबर तेथील कॅथेड्रलात आहे अशी परंपरा आहे. नवव्या शतकात ती सापडल्याचे सांगतात, आणि तेव्हापासून युरोपच्या अनेक दिशांनी यात्रेकरूंच्या वाटा तिकडे वळल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती 'फ्रेंच वाट', पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापासून सुमारे ७८० किलोमीटर लांबीची. मध्यंतरीच्या काळात ही पदयात्रा जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९८४ साली ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी पिवळा रंग हाती घेऊन वाटेवर ठिकठिकाणी बाण काढण्यास प्रारंभ केला. १९९० साली सान्तियागोला पोचल्याची नोंद करणारे यात्रेकरू पाच हजारांहूनही कमी होते. २०२४ साली ती संख्या पाच लाखांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आणि २०२५ साली तिने तो उंबरठा ओलांडला. किमान शंभर किलोमीटर पायी चालणाऱ्यास तेथे लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे दर दहा यात्रेकरूंपैकी सुमारे तीन जण सारिया या गावी, म्हणजे सान्तियागो सुमारे ११५ किलोमीटर उरले असता, चालण्यास आरंभ करतात.

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील आम्ही बावीस जण असेच सारियाहून निघालो होतो. पाच दिवस चाललो. गाणी म्हटली, जपमाळ केली, एकमेकांच्या पायांचे फोड बांधले. त्या पाच दिवसांत आम्ही जितके एकमेकांचे झालो, तितके तीस वर्षे एका देवळात शेजारी बसून झालो नव्हतो. ते सोबती मला कंटाळवाणे वाटावेत, असे मुळीच घडले नाही. घडले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्तोमारीन सोडून आम्ही चढण चढत होतो. धुके दाट होते. पुढे-मागे यात्रेकरूंची अखंड रांग होती. वाटेच्या कडेला एका दगडी कुंपणावर एक वयस्कर बाई बसली होती. तिने एक बूट काढून बाजूला ठेवला होता आणि दोन्ही हातांनी घोटा धरला होता. तिने वर पाहिले. मीही पाहिले. "बुएन कामिनो," म्हणजे तुमची वाट शुभ होवो, असे तेथील रिवाजाप्रमाणे म्हणालो आणि पुढे गेलो. माझ्यापुढचा तसाच गेला होता, मागचाही तसाच येत होता. एवढ्या माणसांत कोणीतरी थांबेलच, असा माझा हिशेब होता. कदाचित कोणी थांबलेही असेल. मला ते कधीच कळणार नाही. त्या संध्याकाळी मिस्सामध्ये "आपल्या कर्तव्यात केलेली कसूर" आठवण्याचा क्षण आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो काढून ठेवलेला बूट उभा राहिला. तो अजून तसाच आहे.

यंदा जी वाट निवडावी असे मनात आहे, तिला 'कामिनो दे इन्व्हिएर्नो', म्हणजे हिवाळी वाट, असे नाव आहे. फ्रेंच वाटेवर पोन्फेराडा नावाचे शहर लागते. मध्ययुगातील टेम्पलर शूर पंथीयांचा किल्ला तेथे अजून उभा आहे. तेथून मुख्य वाट ओ सेब्रेइरोच्या खिंडीकडे चढते. हिवाळ्यात ती खिंड बर्फाने अडे, तेव्हा यात्रेकरू दक्षिणेला वळून सील नदीच्या खोऱ्याने जात, अशी या वाटेची कथा. तिची लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. गालिसियाच्या सरकारने तिला यात्रामार्ग म्हणून अधिकृत मान्यता दिली ती २०१६ साली. ती लास मेदुलास येथील रोमन काळच्या सोन्याच्या खाणींजवळून जाते, जेथे पाण्याच्या लोंढ्यांनी डोंगरच्या डोंगर फोडून सोने काढले गेले. पुढे मोन्फोर्ते दे लेमोस हे जुने नगर येते, मिन्यो नदीच्या उभ्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले द्राक्षमळे येतात आणि फारो डोंगरावरचे पवित्र मरियेचे चॅपल येते. शरद ऋतूत तेथे ऊन सौम्य होते, द्राक्षांची तोडणी नुकती आटोपलेली असते आणि चेस्टनटची फळे झाडाखाली पडू लागतात. मुख्य वाटेच्या मानाने यात्रेकरू अगदी मोजके असतात.

हे वर्णन मी पत्नीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही पडलात तर उचलायला मी एकटीच असेन, एवढे ध्यानात ठेवा."

तिचे हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. परंतु त्याआधी आमच्या वृद्ध सोबत्याची बाजू पाहू. ती सबळ आहे. ख्रिस्तसभा म्हणजे वाटचाल करणारी देवाची प्रजा, असे आपण मानतो. एकट्यादुकट्याचा तो प्रवास नव्हे. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी दिंडीत चालतो, आणि दिंडी सोडून एकट्याने निवांत वारी करण्याची कल्पना त्याला चमत्कारिकच वाटेल. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला जाताना आपण तरी गर्दी नसलेला दिवस शोधतो काय? मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या त्या रांगेत शेजाऱ्याचा कोपर लागतो, मूल रडते, कोणाची तरी आजी आपल्या खांद्याचा आधार घेते. तोही भक्तीचाच भाग असतो.

शिवाय गर्दीवर रुसणे म्हणजे कृतघ्नताच. फादर वालिन्या यांनी बाण काढले ते लोकांनी यावे म्हणून. लोक आले. आता आपणच नाक मुरडून म्हणावे की ही वाट बिघडली, याला काय अर्थ? स्पेनमध्ये 'तुरिग्रिनो' असा एक शब्द प्रचारात आहे. पर्यटक आणि यात्रेकरू यांचे स्पॅनिश शब्द जोडून तो केला आहे आणि तो कुचेष्टेने वापरतात. सामान गाडीने पुढे पाठवून, हलकी पिशवी घेऊन, शेवटचे शंभर किलोमीटर चालणाऱ्याला तो चिकटविला जातो. २०१९ साली आम्ही नेमके तसेच होतो. आमच्यापैकी दोघींचे गुडघे निकामी झाले होते, एकाची हृदयशस्त्रक्रिया झाली होती. हिवाळी वाटेने जाणाऱ्याच्या मनात, "प्रभो, मी त्या सारियावाल्यांसारखा नाही, म्हणून तुझे उपकार मानतो," अशी प्रार्थना उगवली, तर मंदिरात पुढे उभा राहिलेला परुशी आणि तो यांत अंतर ते काय राहिले? निवांत वाटेवरचा हा पहिला धोका. दरडीपेक्षा आणि धुक्यापेक्षा तो मोठा आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आपल्याला जी शांतता हवी असते, ती कोठून आलेली असते? गालिसियाच्या अंतर्भागातील कित्येक खेड्यांतून तरुण माणसे केव्हाच शहरांकडे गेली. घरे बंद झाली, शेते पडीक राहिली, गुरे चरेनाशी झाली, आणि जेथे पूर्वी नांगर फिरे तेथे झुडपे माजली. असे रान वणव्याला खाद्य होते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच पट्ट्यात भयंकर वणवे पेटले. लास मेदुलासच्या परिसरातील चेस्टनटची जुनी झाडे जळाली आणि पुढे वाल्देओरासच्या भागात तर घरेही भस्मसात झाली. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो, ते कोणाच्या तरी वस्तीचे उजाड होणे आहे. तेथे जाऊन, डोळे मिटून, "किती ही शांती!" असे म्हणणाऱ्याने आजूबाजूच्या बंद दारांकडे निदान एकदा तरी पाहिले पाहिजे. त्या शांततेचे आपण ऋणी असतो. अशा गावातील एकुलत्या एका दुकानात पाव घेणे, मुक्कामाला तेथेच राहणे, अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याशी मोडक्यातोडक्या शब्दांत बोलणे, ही त्या ऋणाची अल्पशी फेड होय. जो तेथे केवळ शांतता घेऊन जातो आणि मागे काहीच ठेवत नाही, तो यात्रेकरू कसला?

एवढे सारे मान्य करूनही मी हिवाळी वाटेकडे ओढला जातो, याचे कारण तो बूट.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. येरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस. याजक येतो आणि बाजूने निघून जातो, लेवी येतो आणि तोही तसाच जातो. मी हा दाखला पुष्कळ वर्षे मुलांना शिकविला, पण त्यातील एक गोष्ट पोर्तोमारीननंतरच माझ्या ध्यानात आली. ती वाट निर्जन होती. याजक गेला तेव्हा मागून कोणी तरी येईल, अशी त्याला खात्री देता आली नसती. मला गर्दीने जी सबब दिली, ती त्याच्यापाशी नव्हती. तरीही तो निघून गेला. म्हणजे निर्जन वाट माणसाला आपोआप चांगले बनवीत नाही. ती फक्त त्याची सबब काढून घेते. पाचशे माणसांच्या रांगेत जबाबदारीचे पाचशे तुकडे होतात आणि आपल्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान असतो की तो खिशातून कधी पडला हेही कळत नाही. जेथे मी एकटाच आहे, तेथे ती अखंड माझ्यापुढे उभी राहते. तेथे "माझा शेजारी कोण?" हा प्रश्न विचारण्याची सोय नसते. समोर जो असेल तोच.

आणि पत्नीच्या वाक्याचा अर्थही येथेच उलगडतो. निर्जन वाटेवर मी शोमरोनीच असेन, असे कोणी सांगितले? बहुधा मीच तो पडलेला माणूस असेन. पुढील गावातील धर्मशाळा बंद असेल, पाणी संपेल, बाण दिसेनासे होतील, आणि मला अनोळखी दारावर थाप मारावी लागेल. आयुष्यभर इतरांना शिकविण्यात ज्याचा वेळ गेला, त्याला मागण्याची सवय नसते. गर्दीच्या वाटेवर पैसे टाकले की सारे मिळते. जेथे दुकान नाही तेथे मात्र विनंती करावी लागते. दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहण्याचा हा धडा उतारवयात तरी गिरवावा असे मला वाटते.

तेव्हा माझे उत्तर असे. माणसांपासून दूर जाण्यासाठी जो निवांत वाट निवडतो, त्याने ती निवडू नये. त्याच्याबरोबर त्याचा अहंकार चालत असतो, आणि त्याची बडबड कोणत्याही गर्दीपेक्षा मोठी असते. परंतु गर्दीत ज्याला माणूस दिसेनासा झाला आहे, त्याने काही दिवस अशा वाटेने जावे जेथे दिवसाकाठी भेटणारी चार माणसे त्याला चार चेहरे म्हणून भेटतील. आणि मग परत यावे. अम्माऊसच्या वाटेवर ते दोन शिष्य येरुशलेमकडे पाठ करून निघाले होते. त्या वाटेवर एका अनोळखी सोबत्यात त्यांना प्रभू भेटला. भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखले आणि त्याच घटकेस उठून ते येरुशलेमला, आपल्या सोबत्यांमध्ये, परत गेले. हिवाळी वाटही अखेर त्याच कॅथेड्रलासमोरच्या चौकात पोचते. तेथे सारियाहून आलेल्यांच्याच रांगेत उभे राहावे लागेल, आणि ते योग्यच आहे.

पुढच्या रविवारी मी आमच्या वृद्ध सोबत्यांना हे सारे थोडक्यात सांगितले. त्यांनी ऐकले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग निदान आमची नावे तरी बरोबर न्या." ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. म्हणून आम्ही ठरविले आहे की रोज चालताना त्या यात्रेतील एकदोघांसाठी जपमाळ करावयाची. आम्हां दोघांना वगळून वीस नावे मी वहीत उतरवून घेतली आहेत. त्यांतील तिघे आता हयात नाहीत, तरी त्यांची नावे जशीच्या तशी ठेवली आहेत. यादीच्या शेवटी मी एक ओळ वाढविली. एकविसावे नाव मला ठाऊक नाही. त्या जागी "दगडी कुंपणावर बसलेली बाई" एवढेच लिहिले आहे.