शेगडीतला कोळी

भांड्याला पाप चिकटतं का? शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या लेकीनं कुणीतरी वापरलेली कोळशाची वेबर शेगडी घेतली, तेव्हा इकडे बेळगावात हाच वाद रंगला. 1952 साली जॉर्ज स्टीफन यांनी तिकडेच, पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे अर्धे भाग घेऊन या गोल झाकणाच्या शेगडीचा पहिला नमुना केला. "मांस भाजलेली वस्तू घरात कशाला गं?" जाऊबाई म्हणाल्या.

त्यांची किळस खरीच. पण पत्र्यावरचं एनॅमल म्हणजे काचच. गरम पाणी आणि साबणानं जुना ओशटपणा निघतो. गंजलेली जाळी बदलता येते. आणि कर्म बांधतो तो जीव, लोखंड नव्हे.

मला सलतं ते वेगळंच. जुनी घाण जाळायला सरळ निखारे पेटवतात. पण पडून राहिलेल्या शेगडीच्या झरोक्यात कोळी घर करतो. काल काय भाजलं, हे आपण सगळ्याजणी विचारतो. आज आत कोण आहे, हे कोण बघतं? लेकीला म्हटलं, आधी मऊ ब्रशनं झाड, मग पेटव.

अग्नीतही जीव मानणारे आपण. नुसती कणसं भाजली तरी हिंसा टळत नाही, कमी होते एवढंच. शेगडीचा इतिहास साबणानं धुता येतो. यत्नाचार मात्र दर वेळी काडी ओढण्याआधी पाळावा लागतो.