वेळापत्रकातली रिकामी ओळ

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री होता. लेथवर त्याचा हात असा बसला होता की सुतभर फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. काम वेळेत देणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. घरी बायको होती, नऊ वर्षांची मुलगी होती आणि म्हातारे वडील होते. वडील इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

मिस्त्रीनं एक जुनी मिनीबस विकत घेतली. शाळेच्या मुलांची ने-आण करून ती खिळखिळी झाली होती. त्यानं इंजिन उतरवून दुरुस्त केलं. बाकं काढली. त्या जागी घडीचे पलंग बसवले, शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवली, छोटा ओटा केला, शेगडी ठेवली. आरटीओत खेटे घालून बदलांची मंजुरी आणली. समोरच्या काचेवर, आतल्या बाजूनं, गाडीची उंची लाल रंगानं लिहिली, म्हणजे एखाद्या बुटक्या पुलाखाली शिरताना भान राहील. गल्लीतली पोरं गाडीला ‘चालतं घर’ म्हणू लागली.

गाडीची चाचणी म्हणून एका रविवारी सगळे पन्हाळ्यावर गेले. घाट गाडीनं बिनतक्रार चढला. तीन दरवाजापाशी भुईमुगाच्या शेंगा खात आबा नातीला सांगत होते, “१६६० साली सिद्दी जौहरनं हा गड वेढला. महाराज आत चार महिने अडकले होते. चार महिने थांबले आणि मग एका पावसाळी रात्रीत निघाले.”

मिस्त्री तेव्हा गाडीखाली वाकून ऑइल गळतंय का ते बघत होता. ऑइल गळत नव्हतं. ओट्यावरचा नळ मात्र थेंब थेंब गळत होता. “नंतर बघू,” तो म्हणाला.

“आबा, आता पहिली लांबची फेरी कुठं काढायची?” त्यानं विचारलं.

“नगरचा किल्ला बघायचा राहिलाय,” आबा म्हणाले. “आयुष्यभर पोरांना शिकवला, पण स्वतः बघितला न्हाई.”

मिस्त्री योजनेला लागला. एका मोठ्या कागदावर त्यानं पट्टीनं रेघा मारल्या. पहाटे पाचला कोल्हापूर सोडायचं. किणीचा टोलनाका, मग कराड, साताऱ्यात चहा, पुणे, शिरूर. साडेतीनशे किलोमीटर. दुपारी दोनला किल्ला, चारला बाहेर. दुसऱ्या दिवशी दौलताबाद, तिसऱ्या दिवशी वेरूळ. डिझेल कुठं भरायचं, टाकी कुठं भरायची, रात्री गाडी कुठं लावायची, सगळं लिहिलं. निळ्या शाईत गावं, लाल शाईत वेळा.

आबांनी चष्मा लावून कागद वाचला. “झ्याक झालंय. मधी एक ओळ रिकामी सोड की.”

“कशाला?”

“असू दे. रिकामी.”

“आबा, रिकाम्या ओळीला पण डिझेल लागतंय,” मिस्त्री हसून म्हणाला. ओळ काही त्यानं सोडली नाही.

ठरल्या दिवशी पहाटे गाडी निघाली. बायकोनं भडंगाचा डबा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. साताऱ्यापर्यंत सगळं कागदाप्रमाणे झालं. पुढे खंबाटकी घाटात उसाचा एक ट्रक बंद पडला आणि मागे मैलभर गाड्या थांबल्या. मिस्त्री दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. शेजारच्या गाडीतली माणसं उतरून गप्पा मारत होती. आबा म्हणाले, “आपण पण जरा पाय मोकळे करू या?” मिस्त्री म्हणाला, “कधी वाट मोकळी होईल सांगता येत न्हाई. बसा.”

वाट दोन तासांनी मोकळी झाली.

मग त्यानं गेलेला वेळ भरून काढायला सुरुवात केली. पुण्याजवळचा चहा रद्द झाला. रांजणगाव आलं तेव्हा बायको म्हणाली, “अहो, गणपतीच्या पाया पडून जाऊ. पाच मिनिटं.” मिस्त्रीनं गाडीतूनच हात जोडले. शिरूरच्या पुलावर मुलीला घोड नदी बघायची होती. ती काचेतून दिसली तेवढी दिसली.

एवढं करूनही किल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. रुंद खंदक, त्याच्यापलीकडे गोलाकार तटबंदी आणि फाटकावर जवान. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. जवानानं नम्रपणे सांगितलं, “आजची वेळ संपली. उद्या सकाळी ओळखपत्रं घेऊन या.”

मिस्त्रीनं बरंच समजावून पाहिलं. साडेतीनशे किलोमीटर आलोय, म्हातारे वडील आहेत, फक्त अर्धा तास. जवान ऐकून घेत होता. शेवटी पुन्हा म्हणाला, “उद्या या.”

गावाबाहेरच्या एका ढाब्याच्या आवारात, मालकाला विचारून, त्यांनी गाडी लावली. मिस्त्रीनं कागद पुढ्यात घेतला. “उद्या थांबलो तर दौलताबाद जातंय,” तो म्हणाला. “किल्ला सोडू या. बाहेरनं बघितलाच की.”

आबांनी वाद घातला नाही. “तू म्हणशील तसं,” एवढंच म्हणाले आणि सुनेबरोबर मटाराच्या शेंगा सोलायला बसले.

नातीनं विचारलं, “आबा, त्या किल्ल्यात काय हाय?”

आबा शेंगा सोलता सोलता सांगू लागले. “लई जुना किल्ला हाय, निजामशाहीतला. मोगलांनी वेढा घातला तेव्हा चाँदबिबी हितनं लढली. तट फुटला, तर तिनं रातोरात बांधून घेतला. पुढं १८०३ साली इंग्रजांनी घेतला. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ‘चले जाव’ची हाक दिल्याबरोबर, काँग्रेसचे बारा पुढारी मुंबईत पकडून आगगाडीनं हितं आणले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. कुठं ठेवलंय ते सुरुवातीला लोकांना सांगितलंसुद्धा न्हाई. आधी आधी आत वर्तमानपत्र न्हाई, पत्र न्हाई.”

“किती दिवस?”

“नेहरू मार्च १९४५ पर्यंत हितं होते. अडीच वर्षांच्या वर.”

“कधी सोडणार हे त्यांना ठावं होतं?”

“न्हाई पोरी. तारीख कुणीच दिली नव्हती.”

मुलगी विचारात पडली. “मग रोज सकाळी उठून काय करायचे?”

“नेहरूंनी बाग केली. जमीन कसली, नुसते दगडगोटे. पडक्या बांधकामांचा राडारोडा. ते उन्हात खणत बसायचे. बी पेरलं, फुलं आणली. १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिन्यांत, भारताच्या इतिहासावर मोठं पुस्तक लिहिलं. मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हातानं चहा करायचे आणि मित्राला पत्रं लिहायचे. ती पत्रं टपालात पडणारच नव्हती, तरी लिहायचे. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटं बांधलं. काड्या पडायच्या, कचरा व्हायचा. आधी त्यांनी चिमण्यांना हाकलायला बघितलं, मग तांदूळ टाकून दोस्ती केली. त्यावर पण लिहून ठेवलंय. ते हितं असतानाच त्यांची बायको कलकत्त्याला वारली. शेवटची भेट झाली न्हाई.”

सून शेंगा सोलायची थांबली. मिस्त्री कागदाकडे बघत होता, पण ऐकत होता.

“फूल यायच्या आधीच सोडलं असतं तर?” मुलीनं विचारलं.

“तर दुसऱ्या कुणी बघितलं असतं.”

रात्री सगळे झोपले. मिस्त्रीला झोप येईना. गाडी बंद असल्यामुळे आत एकच आवाज होता, ओट्यावरच्या नळाचा. पन्हाळ्यापासून तो गळत होता आणि ‘नंतर बघू’ला कागदावर जागा नव्हती. मिस्त्री उठला. बॅटरी दातात धरून त्यानं नळ उघडला. आतला वॉशर झिजून एका बाजूनं कातरला गेला होता. त्यानं हत्यारांच्या पेटीतून रबराचा तुकडा काढला, मापानं कापला, बसवला, आट्यांवर टेप गुंडाळला. हात धुऊन बसून राहिला. थेंब पडला नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

सकाळी आबा उठले तेव्हा मिस्त्री बाहेर शेगडीवर चहा करत होता. “आबा, आज थांबू या. दौलताबादचं बघू मागनं.”

“ते कुठं पळतंय. आठशे वर्षं तिथंच हाय,” आबा म्हणाले.

ओळखपत्रं दाखवून चौघं आत गेले. मधला मोकळा चौक आणि भोवतीनं खोल्या, जिथं पुढाऱ्यांना ठेवलं होतं. आबा एकेका दारापाशी थांबत होते, नावं वाचत होते. कितीतरी वर्षं फळ्यावर खडूनं लिहिलेली नावं होती ती. मुलगी आढ्याकडे बघत चिमण्या शोधत होती.

मिस्त्रीनं सवयीनं एक खोली नजरेनं मोजली. पुन्हा मोजली. मग हळूच आबांच्या कानाशी लागला. “आबा, ही खोली तर आपल्या गाडीपेक्षा मोठी हाय.”

“हायच की,” आबा म्हणाले. “जागा त्यांना कमी नव्हती. बाहेर पडायचं त्यांच्या हातात नव्हतं, एवढंच.”

मिस्त्री काही बोलला नाही. काल घाटात गाडीचं दार उघडं होतं, तरी त्यानं कुणाला खाली उतरू दिलं नव्हतं, ते त्याला आठवलं.

परतीच्या वाटेवर गाडी रांजणगावला थांबली. बायकोनं निवांत दर्शन घेतलं. शिरूरला मुलीनं घोड नदीत पाय बुडवले. दौलताबाद आणि वेरूळ त्या खेपेला राहून गेले. कोल्हापूरला पोहोचल्यावर मिस्त्री पुढच्या फेरीचा कागद आखायला बसला. त्याच पट्टीनं, तेवढ्याच नेटानं. फक्त दर दोन ओळींमागे एक ओळ त्यानं कोरी सोडली. आबांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसून ठेवला.

योजना करावीच. टाकी भरलेली असावी, वाट माहीत असावी, मुक्कामाची जागा ठरलेली असावी. पण ठरलेल्या वेळेपेक्षा निराळं काही घडलं की तेवढं आयुष्य वाया गेलं असं माणूस समजू लागला, तर मोकळ्या वाटेवरही त्याची सुटका नसते. ज्यांना सुटकेची तारीख ठाऊक नव्हती, त्यांनी दगडातली जमीन खणून बी पेरलं. आपल्याला तर बहुतेक वेळा एखादी संध्याकाळ नाहीतर एखादा दिवसच थांबायचं असतं. तो वेळ वाया गेला असं म्हणण्याआधी, त्यात करण्यासारखं काय आहे ते बघावं.