पौर्णिमेला खाणावळ उघडायची का?

पुढचा संवाद कल्पित आहे. गाव, देव, कायदे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा असते. मानाच्या गळकऱ्याला घेऊन बगाड, म्हणजे देवाचा लाकडी गाडा, हिंजवडीहून निघतं आणि महामार्ग ओलांडून वाकडला जातं. एरवी ज्या रस्त्यावर आयटीतली माणसं तास-तास अडकून पडतात, त्याच रस्त्यावर त्या दिवशी पोलीस गाड्या वळवतात आणि देवाला वाट मोकळी करून देतात. हिंजवडीत अजून ग्रामपंचायत आहे, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. बगाड सरपंचाच्या हद्दीतून निघून आयुक्तांच्या हद्दीत पोचतं, आणि म्हातोबाला त्याचं काहीच वाटत नाही.

अडचण अशी की राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत रामनवमी आहे, महावीर जयंती आहे, हनुमान जयंती नाही. यात्रा मधल्या वारी आली की गावात सण असतो आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कात कामाचा दिवस. या दोन्हींच्या मध्ये गाळे आहेत. गावातल्या अण्णांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गाळे काढले. त्यातल्या एकात अहमदपूरकडच्या एक ताई खाणावळ चालवतात. यात्रेला आठवडा उरला असताना अण्णा चहाला टेकले, तेव्हा ताईंनीच विषय काढला.

ताई : अण्णा, पौर्णिमेला खाणावळ उघडी ठेवली तर चालेल का?

अण्णा : त्या दिवशी गाव बंद असतं, ताई. तुम्हाला काय नवीन आहे का?

ताई : नवीन नाही, म्हणूनच विचारते. मेसची पोरं महिन्याचे पैसे आधीच देऊन बसलीत. त्यांना त्या दिवशी ऑफिस आहे. सकाळी डबा लागतो, रात्री ताट लागतं.

अण्णा : एक दिवस मोबाइलवरून मागवतील. मरत नाहीत.

ताई : तेच तर म्हणते मी. दहा मिनिटांत दूध-अंडी पोचवणाऱ्यांचं गोदाम मागच्या गल्लीत आहे. पाटी नाही, शटर अर्धं खाली, आत पोरं पिशव्या भरतायत. त्यांना कुणी सांगायला गेलं का, की गाव बंद आहे म्हणून?

अण्णा : त्यांचा मालक कुठं सापडतो सांगायला?

ताई : मी सापडते, म्हणून मला सांगता.

कायद्याच्या अंगानं पाहिलं तर ताईंना विचारण्याचीही गरज नव्हती. १९४८ च्या जुन्या कायद्यानं दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद राहावं लागे. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं ते बंधन काढलं. दुकान वर्षाचे ३६५ दिवस चालू ठेवा, फक्त कामगाराला आठवड्याची सुट्टी चुकवू नका. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयानं तर दारूचे धंदे वगळता बाकीच्यांना चोवीस तासांची मुभा स्पष्ट करून टाकली. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी या दोन गोष्टी कायद्यानं वेगळ्या केल्या, आणि मला ते योग्य वाटतं. अण्णांना वाटत नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

अण्णा : कायदा उघडू देतो, उघडाच असं म्हणत नाही. आमच्याकडं पूर्वी मोडा पाळायचे. त्या दिवशी औत धरायचं नाही. का? बैलाला विसावा. आता समजा, ज्याला पाळायचाय त्यानं पाळावा असं ठेवलं असतं, तर कुणी पाळला असता? शेजाऱ्याचं रान नांगरून झालेलं दिसलं की आपला हात शिवळाटीकडं जातोच. सगळ्यांनी मिळून थांबायचं ठरवलं, म्हणून एकेकाला थांबता आलं.

ताई : म्हणजे मी उघडलं की पलीकडच्या पोळीभाजीवाल्यालाही उघडावं लागणार.

अण्णा : लागणारच. तुमची गिऱ्हाइकं तुमच्याकडं, त्याची पण तुमच्याकडं. पुढच्या वर्षी तो उघडेल, त्याच्या पुढच्या वर्षी किराणावाला. मग यात्रेला माणूस कोण येणार? ज्याला मोकळीक म्हणताय ती दोन वर्षांत सक्ती होते.

हा मुद्दा जर्मनीच्या संविधान न्यायालयालाही पटला होता. बर्लिनमध्ये नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला दिलेली परवानगी त्यानं २००९ मध्ये रद्द ठरवली. विसावा एकेकट्याचा असून भागत नाही, तो एकाच वेळी सगळ्यांचा असावा लागतो, असा त्यामागचा विचार. पण जर्मनीत तो नियम छापलेला आहे, त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. हिंजवडीतला नियम अण्णांच्या तोंडात आहे.

ताई : बरं, मग मला सांगा. मागच्या ऑगस्टमध्ये तुम्हीच इथं बसून तावातावानं बोलत होतात. कल्याणच्या आयुक्तांनी पंधरा ऑगस्टला मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगितली तेव्हा.

अण्णा : हां, मग? स्वातंत्र्याच्या दिवशी मी काय खायचं ते आयुक्त ठरवणार? अजितदादांनीसुद्धा चुकीचं म्हटलं त्याला.

ताई : आणि पौर्णिमेला मी काय विकायचं ते यात्रा कमिटी ठरवणार.

कल्याण-डोंबिवली महापालिकेनं २०२५ मध्ये तो आदेश काढताना १९८८ च्या एका निर्णयाचा आधार सांगितला होता. असे आदेश आपल्याकडं नवे नाहीत आणि न्यायालयांनी त्यावर एकच एक उत्तरही दिलेलं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादेत पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवणं मान्य केलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, एवढी झळ सोसावी, असं त्याचं सार. २०१५ मध्ये मुंबईत तशीच मांसविक्रीची बंदी आली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं एका दिवसापुरती तिला स्थगिती दिली. थोडे दिवस, थोडी झळ, या हिशेबात मला एकच गोष्ट खटकते. झळ थोडी आहे की नाही हे ठरवणारा बहुतेक वेळा ती सोसणारा नसतो.

अण्णा : आयुक्त वेगळे, गाव वेगळं. आयुक्त हुकूम काढतात, दंड लावतात. गाव फक्त सांगतं. तुम्ही उघडलंत तर कुणी तुम्हाला हात लावणार नाही.

ताई : हात कशाला लावताय? गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा आहे.

अण्णा : मी तसं कधी बोललो का?

ताई : नाही बोललात. बोलावं लागत नाही, अण्णा.

इथं थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, असं मी लिहिणार होतो. पण अण्णा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत.

अण्णा : असं धरलं तर जगात कुणी मनानं काही केलंच नाही. तेवीस सालचं आठवा. आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. गावोगावच्या मुसलमानांनी सांगितलं, आज कुर्बानी नाही, उद्या करू. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तर त्यांनी जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. सरकारनं सुट्टीसुद्धा सरकवली. कुणी हुकूम काढला होता?

ताई : नव्हता काढला. आणि चांगलंच केलं त्यांनी. पण माझ्या मनात एक येतं. समजा एखाद्या गावात ते नाही म्हणाले असते, आमची ईद आजच, असं. मग?

अण्णा : मग... बोलाचाली झाली असती.

ताई : नुसती बोलाचाली?

अण्णा : ताई, प्रत्येक चांगल्या गोष्टीला अशी सुई टोचून बघितली तर गाव म्हणून काही उरणार नाही. थोडं मनानं, थोडं लाजेनं, थोडं भीतीनं, असंच चालतं सगळं. मी वर्गणी देतो ती काय सगळी भक्तीनं देतो?

दोघांचंही खरं आहे, असं म्हणून इथून निसटता येईल, पण मला ते करायचं नाही. अण्णा म्हणतात तशी मिसळ असतेच, आणि लाज ही काही वाईट गोष्ट नाही. पण देणाऱ्याला नाही म्हणण्याची किंमत केवढी मोजावी लागते, यावर त्या देण्याचं मोल ठरतं. अण्णांनी वर्गणी दिली नाही तर चार लोक नावं ठेवतील. ताईंनी गावचा बंद मोडला तर त्यांना खाणावळच दुसरीकडं न्यावी लागेल. दोघांना एकच शब्द लावून चालणार नाही.

शेजारच्या सलूनवाल्याचं तर आणखी वेगळं. तो शुक्रवारी नमाजाच्या वेळी शटर ओढतो, तो त्याचा स्वतःचा बंद. पौर्णिमेचा बंद वरून. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ज्यू दुकानदारांनी १९६१ मध्ये हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली होती. शनिवारी आमचा धर्म दुकान उघडू देत नाही, रविवारी तुमचा कायदा. न्यायालयानं ती फेटाळली. ज्याचा सण सरकारी यादीत किंवा गावच्या रिवाजात बसतो त्याला तो फुकट मिळतो. बाकीच्यांना विकत घ्यावा लागतो, हे त्या निकालानं बदललं नाही.

आता अण्णांनी डाव उलटवला.

अण्णा : तुम्ही मघापासून म्हणताय, मला कुणी विचारत नाही. ती आत पोळ्या लाटतेय, तिला तुम्ही विचारलंत का? पौर्णिमेला उघडायचं की नाही ते?

ताई : तिला काय विचारायचं? पगारी आहे ती.

अण्णा : मग मी तरी तुम्हाला काय विचारायचं? भाडेकरू आहात तुम्ही.

कामगाराच्या सुट्टीचा हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिला आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हाही त्या मागणीतला एक दाखला होता. म्हणजे देवाचा वार पुढं करून माणसाचा विसावा मिळवला. त्या वेळी गिरणी बंद राहणं आणि गिरणीकामगार मोकळा होणं एकच होतं. नंतर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात सुट्टीचा देवाशी संबंध आणखी सुटला. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते ती दत्तासाठी नव्हे. विजेचा भार सगळ्या वारांवर वाटला जावा म्हणून.

२०१७ च्या कायद्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या. सुट्टी दिली नाही तर दुप्पट पगार आणि बदली रजा. या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट म्हणजे त्या आपसांत ठरवायच्या चार सुट्ट्या. सरकारनं तिथं देवाचं नाव लिहिलं नाही, जागा कोरी ठेवली. दुर्दैव असं की कायदा लागू होता दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्यांना, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली. ताईंकडं पोळ्या लाटणारी एक, भांड्यांना एक. त्यांच्यापर्यंत ती कोरी जागा पोचतच नाही.

ताईंनी आत हाक मारली. पोरगी पिठाच्या हातानंच दारात आली.

ताई : पौर्णिमेला आपण बंद ठेवावं म्हणतात अण्णा. तुला सुट्टी पाहिजे का?

पोरगी : एका दिवसाची?

अण्णा : यात्रा आहे ना बाळा. बगाड बघ, पाळण्यात बस.

पोरगी : आमची पण यात्रा त्याच दिवशी असते, येरमाळ्याला. येडेश्वरीची. चुनखडी वेचायला दुसऱ्या दिवशी थांबावं लागतं. जायला एक, यायला एक. एका दिवसाच्या सुट्टीत मी काय इथं खोलीवर बसून राहू?

अण्णांना येडेश्वरी ठाऊक नव्हती असं नाही. चैत्र पौर्णिमा फक्त हिंजवडीत उगवत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि ताईंच्याही नाही, ज्या तिच्याशी रोज बोलतात.

ताई : मग किती दिवस पाहिजेत तुला?

पोरगी : चार. नाहीतर एकपण नको. एका दिवसाचे दुप्पट द्या आणि उघडं ठेवा.

ताई : चार दिवस पोळ्या कोण लाटणार?

पोरगी : पौर्णिमेला तर बंदच म्हणताय. मग तीनच दिवस राहिले की.

हिशेबात ती दोघांच्याही पुढं होती. ताईंनी मनाशी आकडा मांडला : तीन दिवस बदली बाई, तिची मजुरी, पौर्णिमेच्या दिवसाचे पोरांना परत करायचे पैसे. मग अण्णांकडं वळल्या.

ताई : बरं, पौर्णिमेला बंद ठेवते. गावचा मान म्हणून. हिला चार दिवस पाठवते. पोरांचे त्या दिवसाचे पैसे परत करते. आता तुम्ही सांगा, त्या दिवसाचं गाळ्याचं भाडं धरायचं का?

अण्णा : भाड्याचा काय संबंध?

ताई : बंद तुम्हाला पाहिजे, म्हणून विचारलं.

अण्णा : कमिटीत काढतो विषय.

ताई : कमिटीत कशाला, अण्णा? गाळा तुमचा आहे.