राजीनामा आणि कबुलायत

मुलकी दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला ‘राजीनामा’ या शब्दाचा जुना अर्थ सांगावा लागत नाही. मुंबई इलाख्यात खातेदार आपली जमीन सोडी तेव्हा तो राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन घेणारा सरकारी सारा भरण्याची कबुलायत लिहून देई. आज राजीनामा म्हटला की रुसवा, अपमान, नाहीतर नाइलाज डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या शब्दात जो ‘राजी’ बसला आहे त्याचा अर्थ खुशी, संमती. ईश्वरेच्छेपुढे ख्रिस्ती माणसाने करावयाच्या समर्पणाचा विचार करू लागलो की धर्मशास्त्रातील भारदस्त संज्ञांच्या आधी मला हा कचेरीतला शब्द आठवतो.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठाप्रमाणे, पित्याच्या इच्छेविषयीची मागणी तिसरी आणि रोजच्या भाकरीची चौथी. आपण मात्र तिसरी घाईने उरकून चौथीवर येतो. ती मनापासून उच्चारली जाते ती बहुधा दवाखान्याच्या पायरीवर, सगळे उपाय खुंटल्यावर. आणि तेव्हाचा तो सुस्कारा म्हणजे, स्पष्टच बोलायचे तर, जप्तीचे शिपाई दारात आल्यावर काढलेली कडी होय. गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. तेथे ख्रिस्ताने दुःखाचा प्याला टळावा असे आधी उघडपणे मागितले, एकदा नव्हे, पुनःपुन्हा मागितले, आणि मगच आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन केली. तेव्हा मागणे हा अविश्वास नव्हे. ज्याला स्वतःची इच्छाच नाही, तो देणार तरी काय?

पंडिता रमाबाईंनी धर्मश्रद्धेपायी आपले बंडखोर तेज गमावले, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वाँटेजच्या मठातील भगिनींनी चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे आज्ञाधारक होण्याचा आग्रह धरला, तेव्हा आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाही मनुष्याच्या हवाली करण्यास ज्या बाईने पत्रांमागून पत्रे लिहून नकार दिला, तिने देवापुढे नमविलेली मान भयाने नमविली असे कसे म्हणावे? 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. केडगावच्या मुक्तिसदनाचा भार पुढे तिनेच वाहावयाचा होता. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. तरीही हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी खाली ठेवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात, 1924 साली, बाहेर पडला. त्यांच्या शोकाविषयी मी तर्क करणार नाही. काम थांबले नाही, एवढे पुरे.

कारण राजीनाम्याने कागदाचे निम्मेच काम होते. मालकी सोडली तरी शेत ओसाड टाकावयाचे नसते; धन्याच्या वतीने तेच शेत पुन्हा कसावयाचे असते, आणि दैनंदिन ख्रिस्ती जीवनात अवघड जाते ती ही कबुलायत. आमची आजी नगरकडच्या कोरडवाहू भागातली. एका वर्षी पहिली पेरणी उगवून करपली. त्या संध्याकाळी कंदिलाजवळ गुडघे टेकून तिने देवाशी चांगलीच हुज्जत घातली, पाऊस मागितला, लेकरांची नावे घेऊन मागितला, आणि शेवटी ‘बाबा, रान तुझंच हाय’ एवढे म्हणून आमेन केले. सकाळी पाहिले तर ती शेजारणीकडून उसनी आणलेली अडीच शेर बाजरी सुपात घेऊन खडे वेचीत बसली होती, आणि पाभर ओट्याला टेकवून ठेवलेली होती.

दुबार पेरलेली ती बाजरीही पोटरीत येऊन वाळली. आजीने सरमाड कापून गाईसाठी गंजी रचली, आणि उसन्या बियाण्याचे अडीच शेर पुढच्या सुगीत शेजारणीला मापाने परत केले.