मांडव्यांचा शूळ

मोरोपंतांनी अठराव्या शतकात बारामतीत राहून जे महाभारत आर्या वृत्तात बांधले, त्याच्या मूळ आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी आश्रमाच्या दाराशी हात उंचावून मौनव्रतात उभे होते. चोर लुटीचा माल घेऊन आश्रमात लपले. पाठलाग करणाऱ्या शिपायांनी विचारले, पण ऋषी बोलले नाहीत. माल सापडला, चोर सापडले, आणि राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवले. चूक उमगल्यावर त्याने त्यांचे पाय धरले, पण शूळ काही निघेना. अखेर तो कापावा लागला आणि त्याचे टोक देहातच राहिले. हा राजा दुष्ट नव्हता. चोरी खरी होती आणि मालही समोर होता, त्यामुळे आणखी विचारपूस करायची गरज त्याला वाटली नाही. गुन्हा घडला हे सिद्ध होणे एक आणि तो याच माणसाने केला हे सिद्ध होणे दुसरे. संतापाच्या भरात आपण या दोन गोष्टी एक करून टाकतो, आणि बलात्काराच्या आरोपात तर हमखास.

नाशिक जिल्ह्यात 2003 साली एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांनाच पुन्हा फाशी सुनावली. त्यानंतर 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पहिल्याच काही दिवसांत पोलिसांकडील फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. तो धागा तपासात सोडून दिला गेला. रीतसर प्रक्रियेचा आग्रह म्हणजे स्त्रीवर अविश्वास, असे ज्यांना वाटते त्यांनी या तपशिलापाशी थांबावे. तिचे पहिले म्हणणे नीट ऐकले असते, तर या सहा जणांची सोळा वर्षे अशी वाया गेली नसती आणि तिच्या माणसांना मारणाऱ्यांचा माग थंड पडला नसता. प्रक्रिया मोडली तेव्हा आरोपी आणि पीडिता या दोघांवरही अन्याय झाला.

संशयाची बोटे कोणाकडे आधी वळतात, हेही या खटल्यात दिसते. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का कायदा 1952 मध्ये गेला तरी पुसला गेला नाही. 1998 मध्ये मोरोपंतांच्या बारामतीतच पारधी समाजातील एक माणूस पोलीस कोठडीत मेला. तिथे आरोप बलात्काराचा नव्हता, पण पुरावा मागण्याआधीच माणूस दोषी ठरवण्याची सवय तीच. बारामती-इंदापूर पट्ट्यात पालावर राहणाऱ्याला आणि बागायतदाराच्या मुलाला संशयाचा फायदा सारखाच मिळतो, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्याच्याकडे वकील नाही, जमीन नाही, ओळख नाही, त्याला प्रक्रियेखेरीज दुसरा आधार नसतो.

खोट्या आरोपाचा दुसरा प्रकार घरातूनच निघतो. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीतील जिल्हा न्यायालयांचे 2013 चे निकाल तपासले. पूर्ण चाललेल्या सुमारे 460 खटल्यांपैकी 189 प्रकरणे संमतीच्या संबंधांची होती. बहुतेकदा जोडपे पळून गेले आणि मुलीच्या आईवडिलांनी तक्रार केली, असे त्यांचे स्वरूप होते. म्हणजे खोटे बोलणारी स्त्री हे जे चित्र रंगवले जाते, त्याला हे आकडे दुजोरा देत नाहीत. अशा खटल्यांत अनेकदा तिचाच शब्द दाबून जातीची आणि घराण्याची अब्रू न्यायालयात उभी केली जाते.

प्रक्रियेच्या या आग्रहावर सर्वांत वजनदार आक्षेप मथुरा खटल्याचा. 1972 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना सोडले. हीच का तुमची प्रक्रिया, असे कोणी विचारले तर राग येऊ नये. पण तिथे पुराव्याची कसोटी लावलीच गेली नव्हती. शालीन मुलगी कशी वागते याबद्दलचा पूर्वग्रह पुराव्याच्या जागी बसला होता. मांडव्यांचे मौन शिपायांनी कबुली मानले, तसे मथुरेचे मौन न्यायाधीशांनी संमती मानले. या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्कारात स्त्रीने संमती नाकारली, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरायचे. स्त्रियांनी प्रक्रिया मोडा असे म्हटले नाही, तिच्यातला पक्षपात काढायला लावला.

खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा देण्याची तरतूद आपल्या कायद्यात 1860 पासून आहे. ती वापरावी, पण खोटेपणा आणि त्यामागचा हेतू वेगळा सिद्ध करून. आरोपी सुटला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. साक्षीदार फुटतात, तपास ढिसाळ होतो, वर्षे जातात. आरोपीसाठी जो पुरावा आपण मागतो, तोच तक्रारदार बाईला खोटारडी म्हणण्याआधीही मागावा लागेल.