अडलेल्या प्रवाशाला पहिला प्रश्न कोणता?



परक्या गावी शेवटची एस.टी. चुकली, रात्र झाली, पाठ टेकावयास जागा नाही, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? आला असेल, तर ज्याने दार उघडले त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला ते आठवा. “जेवलात का?” की “आडनाव काय तुमचे?” या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे, हे तुम्हांस सांगावयास नको. त्यासाठीच आज दोन घटना तुमच्यापुढे ठेवतो. दोन्ही एकाच देशातील, कॅनडातील आहेत.

११ सप्टेंबर २००१ रोजी अतिरेक्यांनी विमाने पळवून अमेरिकेत भीषण संहार केला. अमेरिकेने आपले आकाश बंद केले. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या विमानांना वाटेतच उतरणे भाग पडले. न्यूफाउंडलंड बेटावरील गॅन्डर या गावी अशी ३८ प्रवासी विमाने उतरली. गावाची वस्ती सुमारे १० हजार आणि पाहुणे साडेसहा हजारांहून अधिक! सामान विमानातच राहिले. ज्यांच्या खिशात पैसा होता, तेही दात घासण्याच्या ब्रशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

गावाने काय केले? शाळेच्या बसचालकांचा संप चालू होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि प्रवाशांना वाहून नेले. शाळा, चर्च, सभागृहे यांत अंथरुणे पडली. बर्फावर खेळण्याचे मैदान अन्न साठविण्याचे शीतगृह झाले. औषधविक्रेत्यांनी देशोदेशी फोन करून रोग्यांची औषधे शोधली व पैसे न घेता दिली. लोकांनी अनोळखी माणसांना स्नानासाठी घरी नेले. विमानांत अडकलेल्या मुक्या प्राण्यांनाही दाणापाणी मिळाले. गॅम्बो, लुइसपोर्ट या शेजारच्या गावांनीही असेच केले. पाहुणे पैसे देऊ लागले, ते यजमानांनी नाकारले. पुढे एका विमानातील प्रवाशांनी लुइसपोर्टच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला. उपकाराचे ओझे न टाकता दिले, म्हणजे कृतज्ञता अशी आपल्या पायांनी चालत येते.

आता दुसरी घटना. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात आले. बहुतेक प्रवासी पंजाबातील शीख होते. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून त्या साम्राज्याच्या दुसऱ्या भागात ते आले होते. परंतु मायदेशाहून थेट, मध्ये न थांबता आलेल्यासच उतरू द्यावे, असा नियम त्यांच्यापुढे धरण्यात आला. थोड्यांना उतरू दिले; बाकीचे दोन महिने बंदरात, अन्नपाण्याची टंचाई सोशीत, जहाजावरच अडकून पडले. किनाऱ्यावरील त्यांच्या देशबांधवांनी वर्गणी जमविली, कोर्टात दाद मागितली, व्यर्थ! जहाज परत पाठविले. कलकत्त्याजवळ बजबज येथे ते पोहोचल्यावर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती २०१६ साली.

कोणी म्हणेल, “ही तुलना बरोबर नाही. गॅन्डरचे पाहुणे चार-पाच दिवसांत जाणारे होते. जहाजावरचे कायम राहावयास आले होते.” हा फरक खरा आहे. जो उद्या जाणार त्याच्यावर दया करणे सोपे, जो शेजारी होणार त्याला जागा देणे कठीण. पण कोणाला देशात राहू द्यावे हा वाद चालू असतानाही तहानलेल्यास पाणी देता येते. तहान काही निकालाची वाट पाहत नाही. शिवाय युरोपातून येणाऱ्यांना ज्या देशाचे दार उघडे होते, त्याच देशाने हा नियम हिंदी माणसापुढे धरला. गॅन्डरमध्ये “काय हवे?” हे आधी विचारले गेले, व्हँकुव्हरला “तुम्ही कोण?” हे आधी विचारले गेले. चांगुलपणा देशाच्या मातीत नसतो. तो माणूस कोणता प्रश्न आधी विचारतो यात असतो.

म्हणून वाचकहो, प्रश्न आपल्याही दाराशी येतो. “आडनाव काय?” या प्रश्नाने आपल्या वडीलधाऱ्यांना किती ओसऱ्यांवरून परत फिरविले, हे आपण जाणतो. पण आपल्या दारी कोणी आला, तर आपण काय विचारतो? तो आपल्यातला की दुसऱ्यातला, कोणत्या पोटजातीचा, असे कुजबुजत त्याला पाणी देतो काय? देत असू, तर आपण दीक्षा घेतली, पण तो जुना प्रश्न घरात तसाच राहिला.

आज रात्री मुलांना ही दोन्ही गावे सांगा. आणि उद्या कोणी अडलेला दारी आला, तर आधी तांब्याभर पाणी द्या, जेवण झाले का विचारा. नाव तो नंतर आपण होऊन सांगेल.